मारोतरावच्या जावयाचा तेजोमेघ

राळेगावात नयनला नयन म्हणून कोणी ओळखत नाही. बसस्टँडवर उतरून विचारून पाहा, नयन कुठे राहतो म्हणून. पानठेल्यावाला आधी डोकं खाजवेल, मग म्हणेल, "कोन, मारोतरावचा जवाई काय?" हो बापा, तोच. वैष्णवी फोटो स्टुडिओच्या मागच्या घरात राहणारा, लग्नात कॅमेरा घेऊन नवरीच्या मागेपुढे धावणारा, उंच, वाकून चालणारा. पाच वर्षं झाली त्याला या गावात येऊन, तरी त्याचं नाव गावाच्या तोंडी बसेना, म्हणजे गावाचीही कमालच म्हणायची.

मारोतराव डाखोरे यांना मुलगी एकच, वैष्णवी. स्टुडिओही तिच्याच नावाचा. गावाबाहेर वावर, त्यात कपाशी, तूर, हिवाळ्यात चणा. मुलगी दूर द्यायची नाही, हे त्यांनी पोरगी पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं. नयन उमरखेडकडचा, तीन भावांतला धाकटा, दुसऱ्याचा कॅमेरा गळ्यात घालून लग्नाचे फोटो काढायचा. मारोतरावांनी त्याला एका लग्नात पाहिलं, हात चांगला आहे म्हणाले, आणि थेट घरी जाऊन मागणी घातली. नयनचे वडील म्हणाले, तिकडे सुखी राहशील. खोटं नाही बोलले. तिकडे तो सुखीच होता, आणि तेच तर सगळं दुखणं होतं.

घरजावई म्हटलं की लोकांना वाटतं, काय मजा आहे लेकाची. अहो, राहून तर पाहा एकदा. सासू बेबीताई पहिलं ताट जावयाला वाढणार, पोळी तव्यावरून थेट पानात. सासरे 'जवाईबापू' शिवाय हाक मारणार नाहीत. शर्ट त्यांनीच आणायचा, चप्पल त्यांनीच आणायची. एकदा नयननं यवतमाळहून येताना आपल्या पसंतीची एक चादर आणली, हिरवी, साधीच. बेबीताई ती हातात घेऊन बसल्या आणि डोळ्याला पदर लावला. "आमचं काई कमी पडलं काय, जवाईबापू?" चादर ट्रंकेत गेली. माणूस भांडणार तरी कसा? कोणी चढ्या आवाजात बोललं तर उलट बोलता येतं. इथे आवाज चढवायलाच कोणी तयार नाही.

बरं, मागे फिरावं तर तिकडेही वाट नव्हती. एका दिवाळीला तो उमरखेडला गेला, तर त्याच्या खोलीत सोयाबीनचे कट्टे रचलेले. वहिनी म्हणाली, "या पाहुणे, चहा टाकते." पाहुणे! दोन्ही घरी मान मिळतो आणि दोन्ही घरी उठून एक भिंत रंगवायची सोय नाही. बोलताना तो 'मला' म्हणायचा तेव्हा राळेगावचे लोक हसायचे, 'मले' म्हणा म्हणायचे. आता तो 'मले' म्हणतो, तेही कोणी लक्षात घेत नाही.

तर अशा माणसाला आकाशाचं वेड लागलं, यात मला काही नवल वाटत नाही. आकाश तेवढं सासऱ्याचं नव्हतं.

झालं असं की हिवाळ्यात वावरातल्या पंपाला लाइन मिळते रात्रीची, आणि चण्याला पाणी द्यायला कोणीतरी जावं लागतं. मारोतराव म्हणायचे, "तुमी कायले तरास घेता, मी जातो न." नयन म्हणायचा, राहू द्या, मीच जातो. घरातले कौतुकानं सांगत फिरले, जावई असावा तर असा. कौतुक कसलं, त्या अंधारात त्याला कोणी जवाईबापू म्हणत नव्हतं, एवढंच. लाइनची वाट पाहताना एकदा त्यानं कॅमेरा धुऱ्याच्या बांधावर ठेवून आकाशाकडे लावला, काड्यांच्या जुडीचा टेका दिला आणि बराच वेळ झाकण उघडं ठेवलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर जे उमटलं ते त्याच्या डोळ्यांना वर कुठेच दिसत नव्हतं. तिथून सुरू झालं.

मग मोबाइलवर पाहून पाहून तो शिकत गेला. मृग नक्षत्र तर सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या खांद्यावर तांबूस तारा आहे, काक्षी. तिथून पूर्वेकडे थोडं सरकलं की वायूचा एक अवाढव्य ढग आहे, गुलाबाच्या फुलासारखा गोल. नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही म्हणून कोणाला पत्ता नाही. त्या ढगाच्या पोटात, त्याच वायूतून जन्मलेल्या तरुण ताऱ्यांचा एक पुंजका आहे. ते तारे एवढे तापट की त्यांच्या तेजानं सगळा ढग आतून लाल उजळलेला असतो. तेजोमेघ म्हणतात तो हाच. आणि त्या ताऱ्यांनी आपल्याभोवतीचा वायू लोटून लोटून मधोमध स्वतःपुरती मोकळी जागा करून घेतली आहे.

हे वाचलं त्या दिवशी नयन स्टुडिओच्या खुर्चीत कितीतरी वेळ नुसता बसून राहिला. ज्या ढगात जन्मले त्याच ढगात राहून लेकांनी आपलं अंगण केलं! त्याला त्या ताऱ्यांचा हेवा वाटला. हसू नका, खरंच वाटला. मग त्यानं ठरवलं, फोटो काढायचा तर याचाच. लाल फूल आणि मधला तारापुंज, दोन्ही नीट दिसतील असा. डाखोऱ्यांच्या घरात एक तरी वस्तू अशी असावी, जी कोणी दिली नाही, जी आपण आणली.

आकाश फिरतं, त्यामुळे कॅमेराही त्याच्याबरोबर हळूहळू फिरवावा लागतो. त्याचं यंत्र बाहेर मिळतं, पण ते घ्यायचं तर घरात सांगावं लागणार, आणि सांगितलं की सासरे तेच आणून हातात ठेवणार. नको रे बाबा. त्यानं दोन फळ्या बिजागरीनं जोडल्या, मधून आट्यांचा एक गज वाकवून घातला, आणि स्टुडिओतल्या मेलेल्या प्रिंटरची मोटर काढून त्या गजावरच्या नटाला लावली. मोटर नट फिरवते, वरची फळी मुंगीच्या पावलानं उघडते, फळीवरचा कॅमेरा ताऱ्यांच्या मागे जातो. वैष्णवीनं विचारलं, हे काय? तो म्हणाला, खेळणं आहे. ती हसली आणि कणीक मळायला गेली.

पहिला हिवाळा वाया गेला. तारापुंज छान यायचा, मधले तारे टोकदार, पण भोवती लालीचं नाव नाही, नुसता मळकट डाग. चूक त्याच्या हाताची नव्हती. कॅमेऱ्याच्या आत, फोटो उमटतो त्या पट्टीसमोर, एक बारीक काच असते. ती नेमकी तोच गडद लाल रंग अडवते. माणसांचे चेहरे माणसांसारखे दिसावेत म्हणून ती लावलेली असते. लग्नाच्या कॅमेऱ्याला ती हवीच, आणि तेजोमेघ हवा तर ती काढायलाच पाहिजे.

स्टुडिओत कॅमेरे तीन होते. एक नयनकडचा, एक मारोतरावांचा, आणि एक जुना, कपाटात पडून असलेला. जुन्याला गेल्या कित्येक लग्नांत कोणी हात लावला नव्हता. तरी तो मारोतरावांचाच ना! नयन दिवाळीपासून त्या कपाटासमोरून येत-जात राहिला. शेवटी एका दुपारी घरातले सगळे बारशाला गेले, तेव्हा त्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं, टेबलावर पांढरा रुमाल पसरला आणि जुना कॅमेरा उघडला. घड्याळजीकडचे असतात तसे बारके स्क्रू रुमालावर ओळीनं मांडत गेला, ती काच काढली, आणि उलट्या क्रमानं सगळं परत बसवलं. कॅमेरा चालू झाला तेव्हा त्याला घाम फुटला होता. विचारायचं का नाही? विचारलं असतं तर सासरे हो म्हणाले असते. म्हणूनच नाही विचारलं.

त्या हिवाळ्यात त्यानं जीव ओतला. लाइन असेल तेव्हा पाणी देत देत, नसेल तेव्हा पाण्याचं निमित्त करून, जेवण झालं की तो वावरात जायचा. एकाच जागेचे शेकडो फोटो काढायचे, मग ते संगणकावर एकावर एक बसवायचे, तेव्हा कुठे अंधारातून रंग वर येतो. कधी दव पडून भिंग धूसर, कधी मोटर अडकून तारे ओघळलेले. संक्रांत उलटून गेली. आणि एका सकाळी, स्टुडिओत कोणी गिऱ्हाईक नसताना, पडद्यावर ते उमटलं. लाल, पाकळ्यापाकळ्यांचं, काळ्या धुळीच्या रेघा ओढलेलं फूल, आणि त्याच्या मोकळ्या पोटात निळसर पांढरे तारे. हे आपलं. त्यानं फाइलला नाव दिलं 'नयन' आणि आल्बमांच्या ढिगात खोल एका फोल्डरमध्ये ठेवून दिली. वैष्णवीला मात्र दाखवली. तिनं तोंडावर हात ठेवला, म्हणाली, "अगं माय, हे तुमी काढलं?" त्यानं मान डोलवली. "बाबाले नको सांगू," एवढंच तो म्हणाला.

आता पुढचं ऐका. वैशाखात एकाच मुहूर्तावर दोन लग्नं आली. नयन कळंबच्या लग्नाला गेला, मारोतराव गावातल्या. ऐन हळदीच्या वेळी मारोतरावांच्या कॅमेऱ्याचं बटण दबेना. ते लगोलग घरी आले, कपाटातला जुना कॅमेरा उचलला आणि परत मांडवात गेले.

संध्याकाळी नयन घरी आला तर सासरे ओसरीत डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून बसलेले. बेबीताई पंख्यानं वारा घालत होत्या.

"जवाईबापू," मारोतराव म्हणाले, "माहे डोये गेले वाटते. हयद मले लाल दिसून राह्यली. नवरदेवाचा पांढरा सदरा लाल. मंडपात तर बरं दिसे, कॅमेऱ्यात पाह्यलं का लाल. उद्या डॉक्टरकडे जातो."

नयननं कार्ड संगणकाला लावलं. नवरी लाल, भटजी लाल, तांदूळसुद्धा लालसर, आणि म्हातारी आत्याबाई तर रंगपंचमी खेळून आल्यासारखी. एरवी हसून हसून पोट दुखलं असतं. मागे ओसरीत सासरे बेबीताईंना विचारत होते, चष्म्याचं दुकान किती वाजता उघडते. चूप राहिलं असतं तर खपून गेलं असतं. डोळ्यांच्या नावावर सगळं जमा झालं असतं. नयनला ते जमलं नाही. तो ओसरीत आला आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं, कॅमेरा मी उघडला, आतली काच मी काढली, आकाशाचा फोटो काढायचा होता, तुम्हाला विचारलं नाही.

नयन वाट पाहत होता. त्याला खरंच वाटत होतं, आता शिवी यावी. एकदाच या माणसानं तोंड सोडावं, मग आपणही सोडू, पाच वर्षांचं सगळं बोलू, आणि मग निदान या घरात आपण एक माणूस आहोत असं होईल.

मारोतरावांनी रुमाल घडी करून ठेवला. "म्हंजे डोये चांगले हायेत," ते म्हणाले आणि हसले. "मंग काय झालं? कॅमेरा तुमचाच हाय, बापू. सारं तुमचंच तर हाय."

बेबीताई म्हणाल्या, "हात-पाय धुवा, वाढते."

नयननं त्या लग्नाचा एकेक फोटो बसून सुधारला. हळद पिवळी केली, तांदूळ पांढरे केले. त्यात आठवडा गेला, पण गिऱ्हाइकाला काही कळलं नाही. जुना कॅमेरा मात्र त्या दिवसापासून कोणी लग्नाला नेईना. मारोतराव म्हणाले, तो आता वेगळाच राहू द्या. हे ऐकून नयन मनातून हरखला. तीन कॅमेऱ्यांतला एक असा झाला होता, जो दुसऱ्या कोणाच्या कामाचा नव्हता. बिघडलेला म्हणून का होईना, आता तो त्याचा. पुढच्या हिवाळ्याचे बेत त्यानं आत्तापासून मांडायला घेतले. आता खुद्द मृगातला तेजोमेघ, मग त्याच्या शेजारचा. उन्हाळ्याच्या गरमीतही रात्री पडल्या पडल्या तो खुशीत दिसायला लागला होता. वैष्णवीच्याही ते लक्षात आलं. बाबाला सांगू नको म्हणाला होता, पण तिला वाटलं, आपला नवरा एवढं मोठं काम करतो आणि घरात कोणाला माहीतच नाही, हे बरोबर नाही. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तीच तर पंचाईत आहे या घरात, कोणाच्याच मनात कधी काही वाईट नसतं.

यंदा जेठ अधिकात आला. धोंड्याचा महिना. लग्नाचे मुहूर्त बंद, आणि जावयाला वाण द्यायचं पुण्य मोठं. डाखोऱ्यांकडे पाहुणे जमले. काका, मावश्या, त्यांची पोरं, वैष्णवीचा चुलतभाऊ पिंटू, ज्याचं लग्न पुढे ठरलेलं. घरात जागा पुरेना म्हणून स्टुडिओतच नयनला पाटावर बसवलं. बेबीताईंनी त्याचे पाय परातीत धुतले, पुसले, कुंकू लावलं. तेहतीस अनारशांचं ताट, वर पेटती निरांजनं. नवा शर्ट, नवं धोतर. तो मान खाली घालून बसला होता. पाय दुसऱ्यानं धुताना माणसाला कुठे पाहावं तेच कळत नाही.

मग मारोतराव आतून एक डबा घेऊन आले, जरीच्या कापडात गुंडाळलेला. "घ्या जवाईबापू. नागपूरच्या मोठ्या कारागिराकडून आनला."

आत जुना कॅमेरा होता. पुसून लख्ख केलेला. "नवी काच बसवून आनली," मारोतराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आता लाल-बिल काई येत नाई. खात्री करून घेतली मी. हा तुमचा, तुमच्याच नावाचा."

पाहुण्यांनी वा वा केलं. नयननं दोन्ही हातांनी कॅमेरा घेतला आणि सासऱ्यांच्या पाया पडला. पडावंच लागतं.

"थांबा, अजून हाय," मारोतराव म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. "वैष्णवीनं मले दाखवलं तुमचं काम. बापा, मी चाळीस वर्स फोटो काढून राह्यलो, असं नाई पाह्यलं कधी. घरात लपवून ठेवाची चीज हाय काय ही?" आणि त्यांनी भिंतीवरच्या मोठ्या फ्रेमवरचं कापड ओढलं, आतले दिवे लावले.

भिंतभर तेजोमेघ उजळला. त्याचाच. पाकळी न् पाकळी त्याची, धुळीच्या रेघा त्याच्या. फुलाच्या मधोमध, जिथे तारे होते, तिथे आता तो स्वतः होता. लग्नातल्या फेट्यात, मरून शेरवानीत, शेजारी शालू नेसलेली वैष्णवी, दोघांच्या कडा लालीत विरत गेलेल्या. शेरवानीही सासऱ्यांनीच घेतलेली होती. खाली सोनेरी अक्षरांत 'वैष्णवी फोटो स्टुडिओ, प्रोप्रा. मारोतराव डाखोरे'. नयन पाटावरून उठला, फ्रेमच्या अगदी जवळ गेला. त्यानं आपल्या छातीजवळ पाहिलं, वैष्णवीच्या कपाळापाशी पाहिलं, दोघांच्या मधल्या फटीत पाहिलं. एकही तारा नव्हता.

"यवतमाळच्या डिझायनरले देलं होतं," मारोतराव म्हणाले. "तो बी म्हने, अशी ब्याकग्राउंड कोनाकडे नाई. मधात जागा कशी रिकामी हाय पाहा, जोडी बरोबर बसते."

मावशी म्हणाली, दृष्ट काढा पोरांची. पिंटू पुढे सरसावला. "भाऊजी, माह्या आल्बमले असंच पायजे. मी अन् ती, त्या मधात."

"हाव, करून देतीन न," मारोतराव म्हणाले. "आता सगया लग्नाले हेच करून देतीन जवाईबापू." मग ते नयनकडे वळले. "आवडलं न?"

सगळे त्याच्याकडे पाहत होते. बेबीताईंच्या हातात अजून तो पाय पुसलेला टॉवेल होता.

"लय मस्त," नयन म्हणाला.

पाहुणे गेल्यावर वैष्णवी स्टुडिओत आली. तो फ्रेमसमोर स्टूल घेऊन बसला होता. ती त्याच्या खांद्याला टेकून उभी राहिली, आनंदानं तिचा चेहरा फुलला होता. खूप दिवस पोटात ठेवलेलं एक गुपित तिला आता सांगायचं होतं.

"डिझायनर म्हने, मधातले ते पांढरे ठिपके राहू देऊ काय. मीच काढाले सांगतलं," ती म्हणाली. "तुमच्या तोंडावर येऊन राह्यले होते."

नयननं तिच्याकडे पाहिलं. ती इतकी खूश होती की तिला काही सांगणं पाप झालं असतं.

"बरं केलं," तो म्हणाला, आणि स्टुलावरून उठून फ्रेमचे दिवे घालवायला लागला.

"राहू द्या न," वैष्णवी म्हणाली. "बाबा म्हनत होते, रोडवरून दिसला पायजे."